सैनिकाच्या निवाऱ्याचा प्रश्न



वसंतातल्या व्याख्यानांना साहित्य, इतिहास, अध्यात्म असे विषय शोभतात. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. माझी शाळा लवकर सुटली, आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर व कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा माझा विषयही व्हरांड्यातलाच आहे. ज्याने उमेदीची वर्षे पलटणीत काढली, त्याच्यावर उतारवयात डोके टेकायला जागा नाही अशी वेळ का येते? अशा माणसासाठी आपल्याकडे कोणत्या सोयी आहेत? आणि सोयी असूनही त्या त्याच्या हाती का लागत नाहीत? या तीन प्रश्नांची उत्तरे मला जमतील तितक्या सरळपणे द्यायची आहेत.

नागपूरकरांना फौज नवी नाही. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. 1821 साली कामठीला छावणी वसली. आज त्याच कामठीत गार्ड्‌स रेजिमेंटचे केंद्र आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय आहे, अंबाझरीला दारूगोळ्याचा कारखाना आहे. आपल्या वस्तीत एखादा सुभेदार, एखादा हवालदार निवृत्त होऊन राहिलेला असतोच. त्याच्या घरावरची पाटी आपण वाचतो. ज्याला पाटी लावायला घरच नाही, तो मात्र आपल्या नजरेस पडत नाही, कारण फाटक्या सदऱ्यावर पलटणीचे नाव लिहिलेले नसते.

हा प्रश्न आजचा नाही. जुन्या मराठी राज्यात लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना पोटगीदाखल नेमणूक मिळे. दप्तरात तिला ‘बालपरवेशी’ असे नाव आहे. शिपाई मेला तरी त्याची चूल विझू नये, ही राज्याची जबाबदारी आहे, एवढी समज त्या शब्दात आहे. राज्य बुडाले तेव्हा ही समजही बुडाली. 1818 नंतर मराठी मुलखातल्या फौजा मोडल्या आणि हजारो हत्यारबंद माणसे एकाएकी बिनकामाची झाली.

जिंकणाऱ्यांच्या देशातही शिपायाची कथा फारशी वेगळी नव्हती. 1815 साली नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले. परतलेले शिपाई इंग्लंडच्या रस्त्यांवर भीक मागताना दिसू लागले. 1824 साली पार्लमेंटने भटक्यांविरुद्ध कायदा केला. उघड्यावर झोपणे आणि भीक मागणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला.

आपल्या महाराष्ट्रात आणखी एक कटू अध्याय आहे. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांच्या पलटणीत चाकरी केलेल्या महार समाजाची भरती 1892 च्या सुमारास बंद करण्यात आली. ज्या घरांची चूल फौजेच्या पगारावर पेटत होती, त्या घरांचा आधारच गेला. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर 1921 साली मोडली गेली. 1941 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आग्रहानंतर महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजतागायत आहे. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपण सहज वापरतो. ती सरकारी धोरण झाली म्हणजे काय होते, हे या तीस वर्षांच्या हिशेबात दिसते.

आता आजच्या काळात येऊ. सैनिक फौजेतून बाहेर कसा पडतो हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण त्याचे पुढचे सारे आयुष्य तो कोणत्या दाराने बाहेर पडला यावर ठरते.

पहिले दार पूर्ण नोकरीचे. साध्या जवानाने किमान 15 वर्षे नोकरी केली तर त्याला निवृत्तिवेतन, म्हणजे पेन्शन, मिळते. बाहेर पडताना तो पस्तिशी-चाळिशीचा असतो. गिरणीतला कामगार साठीला घरी बसे, हा चाळिशीला बसतो. मुले शाळेत असतात, आई-बाप म्हातारे झालेले असतात, आणि सरकारी क्वार्टर मुदतीत रिकामे करावे लागते. हाती आलेली रक्कम मोठी वाटते. पण घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून असे म्हणतात, आणि या माणसापुढे दोन्ही खर्च एकाच वेळी उभे राहतात. तरीही पेन्शन आहे तोवर तो सहसा रस्त्यावर येत नाही.

दुसरे दार मुदतीपूर्वीचे. कोणी आजारपणाने, कोणी शिस्तभंगाच्या शिक्षेने, कोणी घरच्या अडचणीमुळे स्वतः अर्ज करून बाहेर पडतो. सात, नऊ, बारा वर्षे झालेली असतात, पंधरा भरलेली नसतात. नोकरीतच अपंगत्व आले आणि ते नोकरीमुळे आले असे वैद्यकीय मंडळाने मानले, तर अपंगत्वाची पेन्शन असते. एरवी या माणसाला दरमहा सहसा काही मिळत नाही. बेघर होणारा सैनिक बहुधा या दाराने आलेला असतो.

तिसरे दार विधवेचे. कुटुंबनिवृत्तिवेतन तिच्या नावाने येते, पण घर सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर असते. पैसे खात्यात जमा होतात आणि बाई माहेरच्या ओसरीवर राहते. तिला बेघर म्हणण्याची आपली रीत नाही, एवढेच.

2022 च्या जूनमध्ये चौथे दार बांधले गेले. अग्निपथ योजनेत तरुणाने चार वर्षे नोकरी करायची. शंभरांतल्या पंचवीसपर्यंत जणांना पुढे घ्यायचे, बाकीच्यांना सुमारे 11 लाख 71 हजार रुपयांचा सेवानिधी देऊन निरोप द्यायचा. मूळ योजनेत या मुलांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्या 2022 च्या अखेरीस व 2023 च्या आरंभी प्रशिक्षणाला लागल्या, म्हणजे त्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात. पोलिसांत व निमलष्करी दलांत राखीव जागांच्या घोषणा झाल्या आहेत. त्या घोषणांचे नेमणूकपत्रांत रूपांतर होते की नाही, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे हे आपले काम आहे.

आता दुसऱ्या दाराने आलेल्या एका माणसाची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, आणि ज्या कारखान्यात हे घडले त्याचेही सांगत नाही. असे कारखाने एकाहून अधिक आहेत.

गोंदियाकडचा हा माणूस. नऊ वर्षे फौजेत होता. वडील वारले, शेतीचा वाद उभा राहिला, म्हणून नाव कमी करून घेऊन परतला. वाटणीत आलेले शेत कर्जात गेले. मग नागपूर गाठून तो कंत्राटदाराकडे पहारेकरी म्हणून लागला. फाटकाजवळच्या केबिनमध्ये रात्रपाळी करायची, दिवसा तिथेच मागच्या बाजूला पथारी टाकायची. मालकाला चोवीस तासांचा माणूस एका पाळीच्या पगारात मिळाला, आणि याला भाडे न देता छप्पर मिळाले. अशी अकरा वर्षे गेली. एक दिवस कंत्राट बदलले. नव्या कंत्राटदाराला तरुण माणसे हवी होती. सकाळी नोकरी गेली आणि संध्याकाळपर्यंत केबिन रिकामी करायला सांगितले. पत्र्याची पेटी कोणीतरी हलवली ती पुन्हा सापडली नाही. तिच्यात त्याचे डिस्चार्ज बुक होते.

आमच्या कचेरीत त्याला एका रिक्षावाल्याने आणले तेव्हा तो अडीच महिने रेल्वे स्थानकाच्या आसपास झोपत होता. वय 62. मी कागद मागितले, त्याच्याजवळ एकही नव्हता. मी पलटण विचारली, तो सावरून बसला आणि त्याने आपला सैनिकी क्रमांक एका दमात सांगितला. भावाच्या घरचा पत्ता त्याला धड सांगता येत नव्हता, पण तो क्रमांक झोपेतून उठवले असते तरी सांगितला असता.

त्या क्रमांकावरच पुढचे सारे झाले. प्रत्येक रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय असते आणि शिपायाची नोंद क्रमांकाने तिथे सापडते. हरवलेल्या पुस्तकाबद्दल पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज, अशा पायऱ्या चढून पुस्तकाऐवजी दाखला मिळाला. दरम्यान भविष्यनिर्वाह निधीच्या, म्हणजे पी. एफ.च्या, दोन कंत्राटदारांकडल्या नोंदी जुळवून अडकलेली रक्कम सोडवली. तिच्यातून खोलीची अनामत भरली. 65 वर्षे पूर्ण झाल्यावर निर्धनता अनुदानाचा अर्ज केला आणि तोही मंजूर झाला. आज तो खोलीत राहतो, हातावर दोन पोळ्या करून खातो, आणि दुसऱ्यांचे अर्ज लिहून देतो.

या हकीकतीत नवी योजना कोणीही काढली नाही, हे ध्यानात घ्या. जे होते तेच त्याच्यापर्यंत पोहोचवले. म्हणून आता काय काय आहे, ते पाहू.

केंद्रात केंद्रीय सैनिक मंडळ, राज्यात सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, अशी ही साखळी आहे. 1949 सालापासून 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी आपण डब्यात जे टाकतो ते ध्वजदिन निधीत जाते. हवालदारापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरील गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला याच निधीतून दरमहा निर्धनता अनुदान मिळते. 2017 सालापासून ते 4,000 रुपये होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून 8,000 झाले. नागपुरात एका खोलीचे भाडे आणि खानावळ यांत ते संपते, पण माणूस फलाटावरून खोलीत येतो, हे थोडे नाही.

घराविषयीच्या सवलतीही आहेत. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी 5 टक्के घरे राखीव असतात. सरकारी जमिनीच्या वाटपाच्या 1971 च्या नियमांत त्यांना अग्रक्रम आहे. 1978 साली सेनेची गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, ती देशभर वसाहती बांधते. युद्धात अपंग झालेल्यांना व वीरपत्नींना घरकर्जाच्या निम्म्या व्याजाची भरपाई मिळे, पण त्यासाठी कर्ज अनेक वर्षे 1 लाख रुपयांपर्यंतचेच धरले गेले. 2020 साली महाराष्ट्र सरकारने माजी सैनिकांच्या घरांना मालमत्ता करात माफी दिली.

यादी मोठी दिसते. पण तिच्याकडे त्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहा. मालमत्ता करातली माफी ज्याला मालमत्ता आहे त्याला. व्याजाची भरपाई ज्याला बँक कर्ज देते त्याला. गृहनिर्माण संस्थेतले घर ज्याच्याजवळ हप्ते भरायला पैसा आहे त्याला. सोडतीत भाग घ्यायचा तर अनामत रक्कम हवी, रहिवासाचा दाखला हवा. म्हणजे घरासाठी जे आहे ते अर्ध्या वाटेपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत येणाऱ्यासाठी आहे. ज्याच्या पायांखालची वाटच गेली, त्याच्यासाठी त्यांत फारसे काही नाही. या योजना वाईट आहेत असे मी म्हणत नाही. त्या बेघरासाठी नाहीत, एवढेच म्हणतो.

बेघरांसाठी जे आहे ते दुसऱ्याच खात्यात आहे. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांतून दर लाख वस्तीमागे एक निवारा उभारावा असे आदेश दिले. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी तरतूद झाली. नागपूर महानगरपालिकेचेही बेघर निवारे आहेत. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 24 लाखांवर होती, म्हणजे त्या मापाने 24 निवारे हवेत. त्याच जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री रस्त्यावरची माणसे मोजली गेली आणि देशभरात ती सुमारे 17 लाख 70 हजार भरली. त्यांतल्या कोणालाही, ‘बाबा, तू फौजेत होतास काय?’ असे विचारले गेले नाही. प्रपत्रात तो प्रश्नच नव्हता.

आणि उघड्यावरच्या माणसासाठी एक तिसरे खातेही आहे, पोलिसांचे. 1959 चा मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. भीक मागणाऱ्याला त्याखाली वॉरंटाशिवाय धरता येते. दिल्लीपुरत्या त्यातल्या मुख्य तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 साली घटनाबाह्य ठरवल्या. 1824 साली इंग्रजांनी आपल्या शिपायांवर जो कायदा उगारला, त्याचाच हा नातू आहे.

तेव्हा आपली स्थिती अशी आहे. सैनिक कल्याण कार्यालयाला माजी सैनिक ठाऊक आहेत, पण त्यांतला बेघर कोण ते ठाऊक नाही. निवाऱ्याला बेघर ठाऊक आहेत, पण त्यांतला माजी सैनिक कोण ते ठाऊक नाही. दोन्ही दप्तरे एकाच शहरात आहेत आणि मधला माणूस फलाटावर झोपला आहे.

अमेरिकेने हा धडा फार किंमत मोजून घेतला. 1932 साली पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक आपल्या भत्त्याची रक्कम मागण्यासाठी वॉशिंग्टनला झोपड्या बांधून बसले. सरकारने त्यांच्यावर फौज घातली आणि झोपड्या जळाल्या. त्या लाजेची आठवण ताजी होती म्हणून 1944 साली परतणाऱ्या सैनिकांसाठी शिक्षणाचा व घरकर्जाचा मोठा कायदा झाला. तरी व्हिएतनामनंतर माजी सैनिक पुन्हा रस्त्यावर दिसू लागले. 2010 साली एका रात्रीच्या मोजणीत ते सुमारे 74,000 होते. 2024 च्या मोजणीत 32,882 राहिले.

हे कसे झाले? पहिले, निवाऱ्यात येणाऱ्या प्रत्येकाला विचारले जाऊ लागले. तेही ‘तुम्ही माजी सैनिक आहात का?’ असे नव्हे, तर ‘तुम्ही कधी सैन्यात नोकरी केली होती का?’ असे. कारण थोडीच वर्षे नोकरी केलेला किंवा शिक्षा होऊन बाहेर पडलेला माणूस स्वतःला माजी सैनिक म्हणवून घ्यायला संकोचतो. दुसरे, आधी खोली दिली. दारू सोड, काम शोध, मग घर देऊ, ही अट काढली. आधी दार लावून झोपू दे, मग बाकीचे बघू. तिसरे, घरभाड्याच्या मदतीबरोबर एक कार्यकर्ता जोडून दिला, जो त्याच्याबरोबर दवाखान्यात, कचेरीत, घरमालकाकडे जातो. पैसा त्यांच्याकडे जास्त आहे हे खरे. पण पहिल्या गोष्टीला पैसा लागत नाही, आणि तिसरीला लागतो त्याहून अधिक माणूस लागतो.

आपल्याकडेही जिथे सैनिकाला घर, उपचार आणि काम एकत्र मिळाले तिथे चांगले घडलेले आहे. जायबंदी सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था 1917 साली मुंबईत निघाली आणि पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्रही 1974 पासून खडकीलाच आहे. मुरलीकांत पेटकर यांचे नाव आपण ऐकले असेल. 1965 च्या युद्धात ते जबर जखमी झाले, 1972 साली हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पदकाची गोष्ट सर्वजण सांगतात. मला कामगार म्हणून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, की त्यांना पुण्याला टेल्कोत नोकरी होती. दरमहा पगाराचे पाकीट हाती आले की माणूस कोणाच्या ओसरीवर राहत नाही.

म्हणून नोकरीकडे येतो. माजी सैनिकाला बहुतेक करून पहाऱ्याचेच काम मिळते. राज्य सरकारी नोकरीत खालच्या वर्गांत 15 टक्के जागा राखीव आहेत, पण त्या सर्वांना पुरणाऱ्या नाहीत. खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात माजी सैनिकांना प्राधान्य ‘देता येईल’ असे लिहिले आहे, ‘द्यावे’ असे नाही. महाराष्ट्रात मात्र 1981 चा सुरक्षा रक्षकांविषयीचा कायदा आहे. रक्षकाने मंडळात नोंदणी करायची, मालकाने पगार मंडळाकडे भरायचा, मंडळाने निधी, रजा, बोनस यांचा हिशेब ठेवायचा, ही त्याची रचना. कंत्राटदार बदलला तरी रक्षक मंडळाचाच राहतो. ही रचना जिथे नीट चालते तिथे कंत्राट बदलले म्हणून कोणाची पथारी रस्त्यावर जात नाही. प्रत्येक माजी सैनिकाने त्यात नोंदणीसाठी धडपडावे, आणि केबिनमधली झोप हा पगाराचा भाग समजू नये, एवढे मी प्रत्येक सभेत सांगतो.

शेवटी, आपण काय करू शकतो ते सांगून थांबतो. सरकारने करायचे ते सरकारकडे मागूच, मागणे हा तर माझा धंदा आहे. पण तीन गोष्टी नागपूरकरांच्या हातातल्या आहेत.

महानगरपालिकेच्या प्रत्येक निवाऱ्याच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: ‘कधी फौजेत नोकरी केली होती काय? क्रमांक?’ उत्तर ‘होय’ आले की तो कागद त्याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावा. दोन दप्तरांमधले अंतर यापेक्षा स्वस्तात मिटणार नाही.

दुसरे, आपल्या शहरात निवृत्त सुभेदार, कारकून, शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी दोघादोघांच्या जोड्या करून एकेका माणसाची पाठ धरावी. पेन्शनरांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि कामाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. अशा वेळी बरोबर कोणी असले तर काम एका दिवसात होते, एकट्याने सहा महिने जातात.

तिसरे, 7 डिसेंबरला डब्यात पैसे टाकाल तेव्हा शेजारच्या पहारेकऱ्याला एकदा विचारा, की तू कोणत्या पलटणीत होतास, आणि रात्री झोपतोस कुठे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो ताठ उभा राहून देईल. दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर त्याला आमच्या कचेरीचा पत्ता द्या. कचेरी रविवारीही उघडी असते.